आहे तिथंच ठेवा

१

बोरखेडीच्या तलावात त्या बुधवारी सकाळी मासे पाठीवर पोहताना दिसले. मासा पाठीवर पोहू लागला म्हणजे त्याची पोहण्याची हौस संपलेली असते. तलावाचा जो चिंचोळा हात धावजी शेतकऱ्याच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बांधापर्यंत जातो, तिथे कटला, रोहू, मरळ, लहान-मोठे सगळे एका रांगेत काठाला लागले होते. पाण्यावर पांढरट साय आली होती. गवतात फवारणीच्या औषधाची एक रिकामी बाटली पडली होती.

राळेगाव तालुक्यात ते वर्षच, म्हणजे दोन हजार सतरा, औषधाच्या वासाचं होतं. बोंडात गुलाबी अळी शिरलेली. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेल्यामुळे फवारा वर धरून मारावा लागे आणि त्यातला निम्मा मारणाऱ्याच्याच अंगावर उतरे. फवारणीवाले यवतमाळच्या दवाखान्यात भरती होत होते. अळीची प्रकृती मात्र उत्तम होती.

त्या मेलेल्या माशांच्या मधोमध, डोंग्यात, गोविंदा उभा होता.

गोविंदा मच्छीमार संस्थेचा सभासद. मासे नसले की रोजीने फवारणी करणारा. सोमवार-मंगळवार तो धावजीच्याच वावरात औषध मारत होता. आज पहाटे रोजच्यासारखी लावलेली जाळी काढायला गेलो, असं त्याचं म्हणणं. काठावरून लोकांना एवढंच दिसलं: मेलेले मासे, औषधाची बाटली आणि औषध मारणारा माणूस. तीन गोष्टी एका जागी सापडल्या की गावाला चौथीची गरज पडत नाही.

लोक काठ्या घेऊन धावले. गोविंदाने डोंगा तलावाच्या मधल्या टेकडीकडे वल्हवला. दगड आणि चार बाभळी एवढीच ती टेकडी. तिथे तो उतरला, गुडघ्यावर बसून ओकला, आणि तेवढ्यात त्याचा डोंगा वाऱ्याने सुटून काठाला आला.

संस्थेचे अध्यक्ष पुंडलिकराव यांनी पोलिसांना फोन लावला.

"आरोपी कुठं आहे?" पलीकडून जमादाराने विचारलं.

"तलावातल्या टेकडीवर."

"पळून जाईल का?"

"कसा पळन साहेब? चहूकडून पानी हाय."

"मग आहे तिथंच ठेवा. गाडी बंदोबस्ताला गेली आहे. तीन वाजेपर्यंत येतो. कोणी हात लावायचा नाही."

पुंडलिकराव कायद्याला फार मानत. त्यांनी लागलीच कडुलिंबाखाली सभा बोलावली आणि ठराव मांडला: आरोपीस आहे तेथेच ठेवावे, कोणाही सभासदाने डोंगा पाण्यात घालू नये, घातल्यास त्यास सहआरोपी समजावे. ठराव एकमताने मंजूर झाला. मग त्यांनी संस्थेच्या दोन्ही डोंग्यांची वल्ही आणवली, कडुलिंबाखाली आडवी टाकली, आणि त्यांवर बसले.

एरवी गोविंदा एका दमात पोहून आला असता. आज तो पाण्यापर्यंत गेला, खांद्याएवढ्या पाण्यात शिरला, परत फिरला आणि रांगत वर चढला.

साडेनऊच्या सुमाराला त्याची बायको इंदूबाई काठावरून ओरडली, "अवो, पाहा ना कोनी! त्याचे हात फडफडून राह्यले!"

२

मानीबाई जाळी शिवायची. वय पासष्ट. बोरखेडीतल्या कुठल्या जाळ्याला कुठे भोक आहे हे तिला ठाऊक होतं, आणि कुठल्या माणसात कुठे, हेही. संस्थेचे सभासद ती अंधारातही ओळखे म्हणत. खरं तर उजेडात कोणीही ओळखावे असे ते होते. फेकजाळ्याची शिशाची कड धरून धरून सगळ्यांच्या पुढच्या दाताला खाच पडलेली असे.

इंदूबाई तिच्याकडे धावत आली, तेव्हा ती सुईत दोरा ओवत होती.

"मावशी, कालपासून त्याच्या डोळ्यातनं पानी. रात्री म्हने दिवा दिसत नाही. औषध भिनलं हाय त्याच्यात. दवाखान्यात न्या म्हनलं तं हे म्हनतात ठराव झाला!"

मानीबाई उठली आणि सरळ कडुलिंबाखाली आली.

"पुंडलिकभाऊ, त्याले आना."

"नाटक हाय ते. पोलीस येनार म्हनलं की सगळ्यायले घाम फुटते."

"इथून त्याची लाळ दिसून राह्यली मले."

"बाई, माह्या हातात काई नाही. साहेबाचा हुकूम हाय, वरून ठराव हाय. त्यानं नाही केलं म्हनतेस ना? मंग कोनं केलं ते दाखव. पुराव्यानिशी."

"अन् तो तीन वाजेपर्यंत राह्यला नाही तं?"

पुंडलिकरावांनी खरोखर विचार केला. ते दुष्ट नव्हते; फक्त अध्यक्ष होते.

"तं मंग," ते म्हणाले, "आरोपी आहे तिथंच राहीन."

३

धावजी आपल्या शेडच्या दारात बसला होता. बाहेर पडावं की आत राहावं हे त्याचं ठरलं नव्हतं, म्हणून तो उंबरठ्यावर होता.

"याडी," तो म्हणाला. त्याच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि पासष्टीच्या कोणाही बाईला. "मले काई विचारू नको."

"किती बाटल्या आनल्या होत्या?"

"पाच. दोन सोमवारी मारल्या, दोन काल. एक आजच्यासाठी फळीवर होती. सकाळी पाह्यतो तं नाही."

"गोविंदानं नेली?"

"तो कायची नेते! काल चार वाजताच त्याले भोवळ आली. मी त्याले गाडीवर मागं बसवलं, घरी सोडलं. त्याचे दोन्ही हात माह्या गळ्यात होते. बाटली का दातात धरली असन त्यानं?"

"मंग शेडात अजून कोन आलतं?"

"माही बायको. अन् दुपारी तो कपिल आलता, कपाळावर कॅमेरा बांधून. फवारनीचा व्हिडिओ काढतो म्हने. पंपाचा काढला, पऱ्हाटीचा काढला. मंग आत जाऊन पानी पेला."

"हे पुंडलिकभाऊले काहून नाही सांगतलं?"

धावजीने टेकडीकडे पाहिलं.

"बाटली माह्या शेडातली, याडी. मी तोंड उघडलं अन् उद्या मलेच असं कुठं ठेवलं तं? माह्या वावरात तं टेकडीही नाही."

तिथून ती तलावाच्या काठाला आली, तर राखणदार भीमराज आधीच हात जोडून उभा होता.

"मावशी, मी रातभर जागाच होतो."

"मी विचारलं का?"

"नाही. पन मी सांगून ठेवतो."

"कवा उठला?"

"साडेपाच." भीमराजने जीभ चावली. मग खाली बसला. "झुंजूमुंजू होतं. त्या चिंचोळ्या हाताकडं कोनीतरी उभं होतं. चेहरा नाही दिसला. बिडी ओढून राह्यलतं."

"गोविंदा बिडी ओढते?"

"नाही. तंबाखू खाते. पन मले लाल ठिणगी दिसली ना."

"ओढली की मोठी, सोडली की बारीक, अशी?"

भीमराजने डोळे मिटून आठवलं. "नाही. लुकलुक, लुकलुक. एकसारखी. काजव्यावानी."

"तोंडापाशी?"

"तोंडाच्या वर." त्याने स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि बोट तिथेच ठेवून तिच्याकडे पाहत राहिला. "मावशी, कपाळानं बिडी कोन ओढते?"

टेकडीवरून गोविंदाच्या ओकण्याचा आवाज आला. या खेपेला तो बराच वेळ चालला.

४

कपिल पुंडलिकरावांचा पुतण्या. पुण्याला शिकायला गेला होता आणि शिक्षण तिथेच ठेवून परत आला होता. येताना त्याने काडीपेटीएवढा एक कॅमेरा आणला. तो पट्ट्याने कपाळावर बांधायचा, फेकजाळं घेऊन तलावावर जायचं, आणि जे दिसेल ते जगाला दाखवायचं, हा त्याचा उद्योग. कॅमेरा चालू असला की त्याचा बारका दिवा लुकलुके. जगात त्याला सहाशे बारा माणसं पाहत. ती सहा लाख व्हावीत म्हणून तो झुरत होता.

गेल्या महिन्यापासून त्याचा एकच ध्यास होता. कोकणातल्या कोणीतरी एका फेकीत नाव भरून मासे काढलेला व्हिडिओ टाकला होता. बोरखेडीच्या तलावातले मासे इतके एकजुटीचे नव्हते.

"कपिल, सकाळी कुठं होता रे?" मानीबाईने विचारलं.

सकाळपासून तिने ज्याला ज्याला हे विचारलं होतं, तो आधी चाचरला होता. कपिलने सरळ मोबाइल पुढे केला.

"सांडव्यावर होतो, मावशी. हे पाय. सगळं रेकॉर्ड."

सांडवा तलावाच्या दुसऱ्या टोकाला. त्या चिंचोळ्या हातापासून पायी पाऊण तास.

पडद्यावर पाणी दिसलं आणि दोन हात. आवाज कपिलचा: "राम राम मंडळी! आज बुधवार, अकरा ऑक्टोबर, सकाळचे पावणेसहा वाजले आहेत आणि आपण आहोत सांडव्यावर..." हातांनी जाळं गोळा केलं, दोरी मनगटात अडकवली, कड उचलली. "आता पाहा, कंबर अशी वळवायची, आणि हे गेलं आपलं जाळं—" जाळं पाण्यावर गोल उघडलं. "वा!" मग ते ओढून वर आलं, आत दोन रोहू. त्यातला एक वळवळत जाळ्याच्या पोटातून बाहेर पडला आणि पाण्यात गेला. "गेला! भाऊ घाईत होते," आवाज हसला.

"पुन्हा लाव," मानीबाई म्हणाली.

त्याने लावला.

"पुन्हा."

"मावशी, तू तं माही फॅन झाली."

"हे बोलनं तवाचंच, का मागून टाकलं?"

कपिल दुखावला. "आपलं सगळं जागेवर असते. पकडता पकडता बोलाचं. मागून आवाज टाकनारे येगळे, मावशी. ती फसवनूक झाली."

"संगं कोनी होतं? जाळं एकानं फेकलं, बोललं दुसऱ्यानं?"

"एकटा होतो. हात माहे, आवाज माहा."

"अन् जाळं?"

"जाळंही माहंच. तूच तं शिवलं ना परवा."

 मानीबाईने मोबाइल परत दिला आणि टेकडीकडे पाहिलं. गोविंदा आता बसलेलाही नव्हता. तो आडवा झाला होता.

५

"लोकहो, कपिल जाळं फेकून दाखवते," मानीबाई ओरडली. "सकाळसारखं. बोलत बोलत."

सहाशे बाराच्या ऐवजी समोर जिवंत दोनशे माणसं जमली, तेव्हा कपिलला नाही म्हणवेना. त्याने जाळं आणलं, केस नीट केले, पाण्यात गुडघ्याएवढा उतरला.

"राम राम मंडळी," तो म्हणाला. दोरी मनगटात अडकवली. जाळ्याचा निम्मा घोळ डाव्या कोपरावर टाकला, निम्मा उजव्या हातात घेतला. फेकजाळं फेकायला तीन हात लागतात. देवाने दोनच दिले म्हणून तिसऱ्याचं काम दात करतात. शिशाची कड दातात धरायची, कंबर वळवायची, आणि जाळं हातातून सुटतं त्या क्षणी दात सोडायचे. कपिलने सवयीने कड दातात धरली.

"बोल," मानीबाई म्हणाली.

"अं."

"'आता पाहा, कंबर अशी वळवायची,' बोल ना."

"अं अं."

पाठीमागून कोणीतरी हसलं. कपिलने कड तोंडातून काढली. "कवा कवा मी दातात नाही धरत."

"तसं फेक."

त्याने तसं फेकलं. धुण्याचं बोचकं विहिरीत पडावं तसं जाळं धपकन एका जागी पडलं. दातांना खाचा असलेली सगळी माणसं गप्प झाली. त्या गप्प बसण्याला अर्थ होता; त्यांच्यापैकी एकालाही जन्मात जाळं फेकताना शब्द बोलता आला नव्हता.

"व्हिडिओत जाळं गोल उघडलं," मानीबाई म्हणाली. "अन् ते उघडतपर्यंत हा बोलतच होता. म्हंजे बोलनं त्या वख्ताचं नाही, मागून टाकलं. मले म्हने मागून टाकनं फसवनूक हाय. त्याचंच म्हननं धरा."

"आवाज मागून टाकला असन," पुंडलिकराव बसल्या जागेवरून म्हणाले. "पन चित्र तं आजचं हाय ना?"

"जाळं काठावर पसरवा," ती म्हणाली.

भीमराजने जाळं ओढून पसरलं. मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, निळ्या दोऱ्याची वीण होती.

"हे भोक घेऊन हा रविवारी माह्याकडं आला. सोमवारी मी शिवलं. पांढरा दोरा सरलता म्हनून निळा घातला. मंगळवारी सकाळी हा घेऊन गेला. आता त्याचा व्हिडिओ पाहा. रोहू कुठून पडला? याच भोकातून. आज बुधवार. शिवलेल्या जाळ्यातून मासा कसा पडते, हे मले कोनी सांगावं. मी आजच शिवनं सोडतो."

मोबाइल हातोहात फिरला. प्रत्येकाने रोहू पडताना पाहिला. पुंडलिकरावांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला.

"चित्र जुनं, बोलनं आजचं," मानीबाई म्हणाली. "मंग आज पावणेसहाले हा होता कुठं? भीमराज, तुले लाल दिवा कुठं दिसला, सांग."

भीमराजने आपल्या कपाळाला बोट लावलं, आणि मग तेच बोट चिंचोळ्या हाताकडे वळवलं.

"काल दुपारी धावजीच्या शेडात पानी पेला, तवा फळीवरची बाटलीही नेली. व्हय का नाही रे?"

कपिल पाण्यात तसाच उभा होता. जाळ्याची दोरी अजून त्याच्या मनगटाला होती आणि दुसरं टोक भीमराजच्या हातात.

"मराचे नव्हते ते," तो शेवटी म्हणाला. "थोडं टाकलं की गुंगीत येतात म्हने, वर येतात. एका फेकीत ढिगानं निघाले असते. मंग पानी ताजं झालं की शुद्धीवर येतात, असं वाचलतं मी. पन ते तं... ते थांबलेच नाही. उलटेच होत गेले."

"अन् गोविंदावर आलं तवा बोलला काहून नाही?"

"तो आपोआपच तिथं आला ना मावशी. मी नाही आनलं त्याले."

"सकाळचं चित्र कुठं हाय? पुसलं?"

कपिलने खिशाकडे हात नेला आणि मान खाली घातली.

"पुसनार होतो," तो म्हणाला. "पन उजेड लय चांगला आलता."

६

 सगळ्यांनी एकदम पुंडलिकरावांकडे पाहिलं.

"पोट्ट्याचं मी पाह्यतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "त्याले पोलिसाच्या हवाली करतो. माहा पुतन्या हाय म्हनून सोडनार नाही."

"वल्ही द्या," इंदूबाई म्हणाली.

"बाई, ठराव झाला हाय. रद्द कराचा तं सभा लागन. सभेले सात दिवसाची नोटीस."

ते हे चेष्टेने म्हणाले नाहीत. सकाळपासून ते या ठरावावर बसले होते आणि उठायचं कसं हे त्यांना आता खरोखरच कळत नव्हतं.

इंदूबाई त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "भाऊजी, उठा."

"अवो पन—"

"उठा. नाही तं वल्ह्यासकट उचलतो."

पुंडलिकराव उठले. धोतर झटकलं. वल्ही मोकळी झाली.

मानीबाई आणि भीमराज डोंगा घेऊन निघाले. धावजी आपली पिकअप काठाशी आणायला धावला. टेकडीवर गोविंदा बाभळीच्या मुळाशी कुशीवर पडला होता. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. पाण्याचा आवाज ऐकून त्याने हात हलवला, परत जा म्हणून.

"मावशी, येऊ नको. तुलेही धरतीन. सहआरोपी."

"तुले कोनं सांगतलं?"

"ऐकू येते इकडं. पान्यावरून सगळं ऐकू येते." तो थांबत थांबत बोलत होता. "सकाळपासून ऐकून राह्यलो. नाटक म्हनले, तेही."

"मंग कपिलचंही ऐकलं असन."

"ऐकलं."

"मंग चाल ना बाबा!"

"पन ठराव रद्द झाल्याचं नाही ऐकलं."

 मानीबाईने त्याच्या एका काखेत हात घातला, भीमराजने दुसऱ्या. ओढत नेऊन त्याला डोंग्यात आडवं केलं. परतताना ती एका हाताने त्याचं डोकं धरून होती आणि भीमराज आयुष्यात पहिल्यांदाच घाईने काम करत होता.

यवतमाळला त्याला नऊ दिवस ठेवलं आणि तो पायी चालत घरी आला, हे नंतरचं. त्या वेळी तो जगेल असं डोंग्यातल्या दोघांनाही वाटत नव्हतं.

डोंगा काठाला लागला, तेव्हा दोनशे माणसं पाण्याच्या कडेला दाटली होती. काठ्या गेल्या होत्या. आता प्रत्येकाचा हात वर होता आणि प्रत्येक हातात मोबाइल. कोणी म्हणत होतं, "बाजू व्हा ना, दिसत नाही." कोणी म्हणत होतं, "चेहरा इकडं करा जरा." गोविंदा डोंग्यात पडून होता, डोंगा चिखलात रुतला होता, आणि तिघांच्या भोवती ती मोबाइलची भिंत जागची हलत नव्हती. पाण्याने जेवढं अडवलं नव्हतं, तेवढं तिने अडवलं.

इंदूबाई पाण्यात शिरली. तिने नवऱ्याचा एक पाय धरला आणि वर पाहिलं.

"ठेवा ते खिशात," ती म्हणाली. ओरडली नाही. "अन् धरा त्याले."

आधी पुंडलिकरावांनी ठेवला. मग शेजारच्याने, मग त्याच्या शेजारच्याने. हात खाली आले, चिखलात उतरले. गोविंदाच्या अंगात तेव्हा फार वजन नव्हतं. चौघं पुरले असते. एकोणीस जणांनी उचललं.